सुटीचे घर आणि स्वयंपाकघराचा हिशेब

व्यापारी कुटुंबाची सुटी पंचांग आणि दुकान या दोघांच्या संमतीने ठरते. नोकरदाराला रजेचा अर्ज देता येतो. दुकानाला तसा अर्ज कोणाकडे द्यायचा? छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर, सराफ्यात किंवा मोंढ्यात ज्यांची पेढी आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. लग्नसराईत कापड आणि सराफी सोडवत नाही. मार्चअखेर हिशेब बंद करण्यात जातो. दरमहा जीएसटीचे विवरण भरणाऱ्यांच्या डोक्यावर ११ आणि २० या तारखांची टांगती तलवार असते. चातुर्मासात अनेक घरांतील वडीलधारी मंडळी प्रवास टाळतात. उरतात त्या दोन फटी. एक, दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचे चार दिवस, पण तेही चातुर्मासातच येतात. दुसरी, मे महिन्याची २० तारीख उलटल्यापासून शाळा सुरू होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे. एवढ्या अरुंद जागेत आजी-आजोबा, दोन-तीन भावांचे संसार आणि मुले यांची मोट बांधून सहल घडवून आणायची, म्हणजे नियोजन आलेच.

हे नियोजन गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी ‘कोणत्या हॉटेलात उतरायचे?’ असा प्रश्न असे. आता ‘कोणते घर घ्यायचे?’ असे विचारले जाते. लोणावळा, महाबळेश्वर, इगतपुरी, दापोली, गोवा अशा ठिकाणी संपूर्ण बंगला किंवा सदनिका दोन-चार दिवसांसाठी भाड्याने मिळते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून तर सकाळी निघालेले संभाजीनगरचे कुटुंब दुपारच्या जेवणापूर्वी इगतपुरीच्या डोंगरात पोचू शकते. घर मोठे, अंगण मुलांना मोकळे आणि स्वयंपाकघर आपल्या ताब्यात, हे जैन कुटुंबांना विशेष भावते. मात्र ज्या स्वयंपाकघरासाठी हे घर घेतले जाते, त्याच स्वयंपाकघरात घरातील काही जणींची सुटी संपून जाते. सुटीच्या घराचा खरा हिशेब तेथून मांडावा लागतो.

कल्पना जुनीच

परगावी जाऊन भाड्याच्या किंवा धर्मादाय जागेत स्वतःची चूल मांडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तीर्थक्षेत्रांच्या धर्मशाळा याच गरजेतून उभ्या राहिल्या. खोली, पाणी, भांडी आणि चुलीची जागा संस्थेने द्यायची. शिधा यात्रेकरूने आणायचा. पुढे भोजनशाळा निघाल्या आणि शिध्याचे गाठोडे हलके झाले, तरी प्रवासातही आपला आहार आपल्या नियमाने व्हावा, हा मूळ हेतू तोच राहिला. नाशिकजवळील देवळाली येथे मुंबईच्या पारशी आणि गुजराती समाजांच्या विश्वस्त संस्थांनी सॅनिटोरियम उभारली. नाव आरोग्यभुवनाचे असले, तरी कित्येक कुटुंबे तेथे हवापालटासाठी जात, एखादा ब्लॉक घेऊन राहत आणि रोजचा स्वयंपाक स्वतः करीत. कोकणात गुहागर, दिवेआगर, हर्णै अशा गावांत नारळी-पोफळीच्या वाडीतील घरमालक ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी लावून पाहुणे ठेवू लागले, त्यालाही बराच काळ लोटला.

जगाच्या पातळीवर हा व्यवहार फोफावला तो इंटरनेटमुळे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन तरुणांनी २००७ मध्ये आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि त्यातूनच पुढच्या वर्षी एअरबीएनबी ही कंपनी जन्माला आली. महाराष्ट्रातही ‘न्याहारी व निवास’ योजना आहे, तर २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून शेतघरांनाही मान्यतेची वाट मिळाली. त्यामुळे आज पर्याय पुष्कळ आहेत. त्यांतून आपल्या कुटुंबाला मानवेल असे घर कसे निवडायचे, हा प्रश्न उरतो.

सूर्यास्त पाहून स्थळ निवडावे

जैन कुटुंबाच्या सहलीत घड्याळापेक्षा सूर्याला मान अधिक. रात्रिभोजनाचा त्याग असणारे, चौविहार करणारे, नवकारशी पाळणारे असे सर्वच एका घरात असतात. म्हणून स्थळ ठरविण्यापूर्वी त्या गावचा त्या तारखेचा सूर्यास्त पाहणे हे हवामान पाहण्याइतकेच आवश्यक आहे. मे महिन्यात महाबळेश्वरला किंवा कोकणात सूर्य सातच्या पुढे मावळतो. संध्याकाळचे जेवण सव्वासहापर्यंत निवांत आटोपता येते. दिवाळीच्या सुमारास संभाजीनगरला सूर्यास्त सहाच्या आधीच होतो. डिसेंबरात दार्जिलिंग किंवा गुवाहाटीकडे गेल्यास तो साडेचार ते पावणेपाचच्या दरम्यान होतो. तेव्हा दोन घटिका आधी जेवण आटोपणाऱ्यांना चारच्या आतच पान वाढावे लागते आणि दुपारची सहल अर्धवट टाकून परतावे लागते. उलट जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तेथे अडचण उलट, लहान मुलांना झोपवायचे कधी ही!

याचा घराच्या निवडीवर थेट परिणाम होतो. मुख्य प्रेक्षणीय स्थळांपासून घर १५-२० मिनिटांच्या अंतरावर असेल, तर साडेपाचला परत येऊन जेवता येते. स्वस्त म्हणून ३० किलोमीटर दूरचे घर घेतले, तर घाटातील एका वाहतूक कोंडीने वडिलांना उपाशी झोपावे लागते. सुटीच्या दिवशी महाबळेश्वरच्या रस्त्यावर अशी कोंडी नवलाची नाही. भाड्यात वाचलेले दोन हजार रुपये अशा संध्याकाळी फार महाग पडतात.

स्वयंपाकघराबद्दलही मोघम उत्तरावर विसंबू नये. ‘किचन आहे’ म्हणजे कधी पूर्ण ओटा आणि दोन शेगड्या असतात, तर कधी चहापुरती विजेची किटली. चौदा माणसांचे पिण्याचे पाणी उकळायचे तर मोठे पातेले आणि गॅस लागतो; लहानशा इंडक्शन शेगडीवर ते काम दिवसभर पुरते. पूर्वी त्या भांड्यांत काय शिजले असेल, याची शंका अनेकांना असते. यावर जुन्या यात्रेकरूंचा उपाय उत्तम आहे: कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणे आणि पाणी गाळण्याचे गरणे एवढे घरचे सोबत न्यावे. माथेरानला जायचे असल्यास मात्र हे ओझे बेताचे ठेवावे, कारण तेथे मोटारींना बंदी आहे आणि सामान गावात न्यायला वेगळी सोय करावी लागते.

वाचलेला पैसा येतो कोठून?

व्यापाऱ्याच्या घरात आकडे मांडल्याशिवाय गोष्ट पटत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. कुटुंब चौदा माणसांचे, मुक्काम चार रात्रींचा. दर ठिकाणानुसार बदलतील; येथे ते केवळ हिशेबासाठी धरले आहेत.

हॉटेलात ३,००० रुपयांच्या पाच खोल्या चार रात्री घेतल्या, तर ६०,००० रुपये होतात. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. तो ३,००० धरून ६३,००० रुपये. त्याऐवजी १२,००० रुपये रोजाचा बंगला घेतला, तर चार रात्रींचे ४८,००० होतात. मात्र संपूर्ण बंगला एकच एकक मानून करपात्र बिल झाले, तर रोजचे भाडे ७,५०० च्या वर गेल्याने कर १८ टक्क्यांचा लागतो. तो ८,६४० मिळविला की ५६,६४० रुपये. म्हणजे निवासात वाचले केवळ ६,३६० रुपये.

आता जेवणाकडे वळू. हॉटेलची न्याहारी खोलीभाड्यात धरली आणि दोन वेळचे जेवण माणशी करासह ३०० रुपयांचे धरले, तर चार दिवसांचे ३३,६०० रुपये. भाड्याच्या घरात किराणा, भाजी, दूध, फळे मिळून माणशी रोज २५० रुपये धरले तरी १४,००० रुपये. येथे वाचले १९,६०० रुपये.

एकूण बचत २५,९६० रुपये. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे जुन्या भाषेत रुपयातले बारा आणे, स्वयंपाकघरातून आले. स्वयंपाकघरात ते कोणी मिळवले? चौदा माणसांच्या दोन वेळच्या जेवणाला रोज शंभराच्या आसपास पोळ्या लागतात. भाजी निवडणे, पाणी उकळणे, न्याहारी, मुलांचे मधल्या वेळचे खाणे आणि भांडी हे त्यावर. ही सगळी मेहनत बहुधा घरातील दोन-तीन सुनांच्या नावे जमा होते. वहीत मात्र ती कोठेच लिहिली जात नाही.

जैन घरात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. संध्याकाळचे जेवण सव्वासहाला उरकायचे, तर स्वयंपाकाला साडेचारला लागावे लागते. म्हणजे ऊन कलून फिरायला योग्य वेळ होते, नेमकी तेव्हाच घरातील स्त्री ओट्याशी उभी राहते. जेवणे आटोपून इतर मंडळी महाबळेश्वरच्या मुंबई पॉइंटवर सूर्यास्त पाहायला निघतात, तेव्हा ती मागची आवराआवर करीत असते. नियम सर्वांचा असतो, आरोग्य आणि पुण्य सर्वांच्या पदरी पडते. दुपार मात्र एकटीची जाते. घरी हे चालून जाते, कारण घरी सर्वांनाच आपापली कामे असतात. सुटीत हाच फरक डोळ्यांत भरतो. एरवीही हिशेब असमतोलच आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. हीच विभागणी गाडीच्या डिकीत भरून महाबळेश्वरला नेली, तर स्त्रीच्या दृष्टीने बदलली ती फक्त ओट्याची जागा.

नियम राखून काम कसे वाटावे?

यावर उपाय नियम सैल करणे हा नव्हे. उपाय नियोजनात आहे आणि तो घर आरक्षित करण्यापूर्वी ठरला पाहिजे. मुक्कामी पोचल्यावर ‘बघू, करू मिळून’ असे म्हणण्याने जुनीच घडी बसते.

पहिली गोष्ट, वाचलेल्या रकमेतून स्वयंपाकाची मजुरी बाजूला काढावी. वरील उदाहरणात स्थानिक स्वयंपाकीण रोज २,५०० रुपये आणि वरकामाला मदतनीस १,००० रुपये धरले, तर चार दिवसांचे १४,००० रुपये होतात. तरीही ११,९६० रुपये शिल्लक राहतातच. शिवाय त्या गावातील एका घरात चार दिवसांची मजुरी जाते. बहुतेक घरमालक अशी व्यवस्था करून देतात. फक्त आरक्षणाच्या वेळीच सांगावे लागते. ‘जैन जेवण’ एवढे म्हणून भागत नाही. कांदा-लसूण नको हे कोणालाही कळते. परंतु बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे, ओले आले, ओली हळद चालत नाही हे यादी करून द्यावे. आल्याऐवजी सुंठ आणि बटाट्याऐवजी कच्चे केळे वापरायचे, हेही त्यात लिहावे. अष्टमी-चतुर्दशी मुक्कामात येत असल्यास आणि हिरव्या भाजीचा त्याग असल्यास कडधान्ये, बेसन, पापड यांची तजवीज आधीच असावी.

दुसरी, दिवसाचा मुख्य स्वयंपाक एकदाच व्हावा. सकाळी पोटभर न्याहारी, दुपारी पूर्ण जेवण आणि संध्याकाळी घरून आणलेले खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची खिचडी, दूध आणि फळे असा बेत ठेवल्यास साडेचारचा ओटा टळतो. वाटेत एखादे क्षेत्र असेल, तर एक दुपार तेथील भोजनशाळेत जावे. मांगीतुंगी, गजपंथा, कुंथलगिरी, कुंभोज-बाहुबली ही क्षेत्रे सहलीच्या मार्गात बसविता येतात. दर्शनही होते आणि त्या दिवशी चूलही पेटवावी लागत नाही. मात्र भोजनशाळेला आगाऊ दूरध्वनी करावा. चौदा माणसे न सांगता दाराशी उभी राहिली, तर भार दुसऱ्या स्वयंपाकघरावर पडतो, एवढेच.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, उरलेले काम नावानिशी वाटावे. पाणी गाळून उकळणे कोणाकडे, सकाळचा चहा-दूध कोणाकडे, भाजी आणणे आणि निवडणे कोणाकडे, पाने मांडणे आणि भांडी कोणाकडे हे कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. त्यात पुरुषांची आणि मोठ्या मुलांची नावे असावीत. दुकानात गल्ल्यावर कोण बसणार आणि गोदामात कोण जाणार, हे जितक्या स्पष्टपणे ठरते, तितकेच हेही ठरावे. ‘मदत लागली तर सांग’ ही जबाबदारी नव्हे. तो पाहुण्याचा शब्द आहे. दुकानात चहा सांगणाऱ्या मालकाने सुटीत चार दिवस चहा केला, तर पेढीची पत घटत नाही आणि मुलगा ते पाहून शिकतो.

काही घरांत वृद्ध मातोश्री किंवा काकी शोधाचे भोजन घेतात. परक्या हातचे त्यांना चालत नाही. त्यांचा नियम हा कुटुंबाचा सन्मान आहे आणि तो सहलीतही जपला पाहिजे. त्यांच्यापुरता लहान कुकर आणि वेगळी शेगडी ठेवावी आणि तो स्वयंपाक आळीपाळीने करावा. एकाच सुनेला त्यात चारही दिवस गुंतवू नये. मुलगा शुद्ध वस्त्रे नेसून पूजा करू शकतो, तर आईसाठी मुगाची डाळही लावू शकतो.

पैसे पाठविण्यापूर्वी

घर ठरले, कामे ठरली, की पैशाचा व्यवहार येतो. सुटीच्या घरांच्या नावाखाली फसवणुकीचे प्रकार घडतात. दुसऱ्याच्या बंगल्याची छायाचित्रे टाकून आगाऊ रक्कम उकळली जाते आणि कुटुंब तेथे पोचते तेव्हा त्या पत्त्यावर भलतेच काही असते. धंद्यात अनोळखी माणसाला उधारी देताना जी चौकशी होते, तीच येथेही व्हावी. भाडे आजूबाजूच्या घरांपेक्षा निम्मे असेल, तर आनंद मानण्याआधी थांबावे. मालकाशी व्हिडिओवर बोलून घर, स्वयंपाकघर आणि बाहेरचा रस्ता प्रत्यक्ष दाखवायला सांगावे. रक्कम पाठविताना यूपीआयवर दिसणारे नाव आणि मालकाने सांगितलेले नाव जुळते का, हे पाहावे. पैसे परत मिळविण्यासाठी कोणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितले, तर तो व्यवहार तेथेच तोडावा. पिन हा नेहमी पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीही नाही. फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

रद्द करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. व्यापारी घरात ऐनवेळी कार्य निघते, वडीलधारे आजारी पडतात. तेव्हा किती दिवस आधी कळविल्यास किती रक्कम परत मिळणार, हे माहीत हवे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणून घराची मोठी रक्कम तिकिटे हाती आल्याशिवाय देऊ नये, किंवा पूर्ण परताव्याच्या अटीवरच द्यावी. क्षेत्राच्या परिसरातील, धर्मादाय संस्थेच्या १,००० रुपयांपेक्षा कमी रोजभाड्याच्या खोल्यांना जीएसटीतून सूट आहे, हेही तुलना करताना ध्यानात ठेवावे.

मुलांच्या आणि वृद्धांच्या सुरक्षेचे चार प्रश्न तर विचारलेच पाहिजेत. पोहण्याचा तलाव असल्यास त्याला कुंपण आणि कुलूप आहे का? स्नानगृहात गॅस गिझर असल्यास हवा खेळती आहे का? बंद स्नानगृहातील गॅस गिझरच्या विषारी वायूने जीव गेल्याच्या घटना घडतात. तळमजल्यावर किमान एक खोली आणि कमोड आहे का? जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे? यांची उत्तरे टाळणाऱ्या मालकाचे घर कितीही देखणे असले, तरी सोडून द्यावे.

खर्चाची तरतूदही वर्षभर आधी सुरू करता येते. दिवाळीनंतर दरमहा ५,००० रुपयांची आवर्ती ठेव उघडली, तर बारा महिन्यांत ६०,००० रुपये आणि वर व्याज जमते. भावाभावांच्या कुटुंबात खर्चाची वाटणी माणशी करायची की घरटी, हे त्याच वेळी बोलून घ्यावे. परतल्यानंतरचा हिशेब संबंधांत कडवटपणा आणतो.

आधी घराजवळ प्रयोग

पहिल्यांदाच भाड्याच्या घरात राहायचे असेल, तर एकदम दूरचा बेत न आखता दोन दिवसांचा प्रयोग करून पाहावा. संभाजीनगरकरांना यासाठी जागा शोधावी लागत नाही. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या लेणीसमूहात ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन परंपरेची आहेत. इंद्रसभा या नावाने ओळखले जाणारे ३२ क्रमांकाचे लेणे पाहायला निदान एक तास हवा. कैलास पाहून थकलेले पाहुणे अनेकदा येथवर येतच नाहीत. मंगळवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा बंद असतो, हे ठरविताना ध्यानात असावे. म्हैसमाळची टेकडी तेथून जवळ आहे. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथाचे दर्शन शहराच्या दुसऱ्या बाजूला. दोन दिवसांच्या अशा मुक्कामात वरील कामवाटणी जमते की नाही, हे स्वच्छ कळते. न जमल्यास घर फार दूर नसते आणि खर्चही बेताचा असतो.

परदेशातील आप्त आले, तर त्यांच्यासाठीही असे घर घेता येते. पाहुण्यांकडे परकीय पारपत्र असेल, तर घरमालकाला २४ तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. नातलग स्वतःच्याच घरी उतरले, तरी हा नियम लागू होतो.

शेजाऱ्याचाही वाटा

भाड्याच्या घराला शेजार असतो, हॉटेलला सहसा नसतो. जगातील काही शहरांनी या शेजारधर्मापायी कडक पावले उचलली आहेत. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी आणि यजमानाची उपस्थिती सक्तीची केली. बार्सिलोनाने आपल्याकडील सुमारे १०,००० पर्यटक सदनिकांचे परवाने २०२८ अखेर संपविण्याचे जून २०२४ मध्ये जाहीर केले, कारण स्थानिकांना राहायला घरे परवडेनाशी झाली. आपल्याकडे ती वेळ आलेली नसली, तरी कारणे ओळखीची आहेत: रात्रीचा गोंगाट, वाटेल तशा लावलेल्या गाड्या, बेसुमार पाणी. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणे म्हणजे काय, हे संभाजीनगरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लोणावळ्याच्या किंवा माथेरानच्या उन्हाळ्यातही तेथील रहिवाशांची तीच अवस्था असू शकते. घरी गाळून-मोजून पाणी वापरणाऱ्या कुटुंबाने परगावी नळ उघडा ठेवू नये. रात्रिभोजन नसल्याने आपली संध्याकाळ लवकर मोकळी होते. अंगणात अंताक्षरी रंगली, तरी दहाला आवाज थांबवावा आणि निघताना घर झाडून, भांडी घासून, कचरा वेगळा करून किल्ली परत द्यावी.

मे महिन्याची २० तारीख मनात धरणाऱ्या कुटुंबांनी बैठक मार्चअखेरचे हिशेब मिटताच घ्यावी. त्या बैठकीला घरातील सुना-लेकींनाही बसवावे आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा: ‘तुम्हाला या चार दिवसांत काय करावेसे वाटते?’ कोणी म्हणेल, पहाटे एकटीने समुद्रावर चालायचे आहे. कोणी म्हणेल, दुपारी कोणी हाक न मारता झोपायचे आहे. कोणी म्हणेल, मुंबई पॉइंटवरचा सूर्यास्त पाहायचा आहे. ती उत्तरे कागदावर सर्वांत वर लिहावीत, त्याखाली कामांची वाटणी, त्याखाली स्वयंपाकिणीची रक्कम आणि मग घराचे भाडे. हा क्रम जुळला, की कोणते घर घ्यायचे ते बहुधा आपोआप ठरते.